अपग्रेडनंतर गाण्यांपुढे उद्गारचिन्ह: मोठा संगीतसंग्रह दुरुस्त करताना

संगणकावर नवी प्रणाली चढते, प्लेअर उघडतो आणि वीस हजार गाण्यांच्या यादीत निम्म्यांपुढे उद्गारचिन्ह दिसतं. कधी यादीच रिकामी असते. कधी सगळं वाजतं, पण प्लेलिस्ट, दिलेले तारे आणि कोणतं गाणं किती वेळा ऐकलं याचा हिशेब गेलेला असतो. कधी प्रत्येक गाणं दोनदा दिसतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ठाण्या-नवी मुंबईतल्या घरोघरच्या जुन्या संग्रहांवर ही वेळ एकदमच आली. मॅकवाल्यांवर ती २०१९ मध्ये, ॲपलच्या कॅटालिना या प्रणालीने आयट्यून्स या प्लेअरची फाळणी केली तेव्हाच, येऊन गेली होती.

यात गाणी बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. बिघडते ती प्लेअरची वही, म्हणजे कोणतं गाणं कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरात आहे हे लिहून ठेवणारी त्याची स्वतःची फाइल. वहीत पूर्ण पत्ता असतो. ड्राइव्हचं एक अक्षर बदललं तरी वीस हजार पत्ते एका फटक्यात चुकतात.

म्हणून सर्वांत महागात पडणारा उपाय तोच, जो सगळ्यांना आधी सुचतो: वही पुसायची आणि फोल्डर नव्याने 'ॲड' करायचं. गाणी अर्ध्या तासात परत दिसतात. पण आयट्यून्समधले तारे, ऐकल्याची संख्या आणि गाणं कधी जोडलं ती तारीख गाण्याच्या फाइलमध्ये नसतेच, ती फक्त वहीत असते. नव्याने जोडल्यावर दहा वर्षांचा संग्रह आजच्या एकाच तारखेला जन्मलेला दिसतो, आणि जुन्या प्लेलिस्ट रिकाम्या सांगाड्यासारख्या उरतात.

हात लावण्याआधी

प्लेअर बंद करा. उघडा राहिला तर काही प्लेअर पाठीमागे शोध घेत बसतात आणि न सापडलेली गाणी स्वतःच यादीतून काढून टाकतात. 'मिसिंग फाइल्स आपोआप काढा' असा पर्याय ज्या प्लेअरात आहे, त्यात तो आधी बंद असायला हवा.

मग वहीची प्रत काढा. मॅकवर ती संगीत फोल्डरात 'म्युझिक लायब्ररी' या नावाने असते, विस्तार 'म्युझिकलायब्ररी'. विंडोजवरच्या आयट्यून्सची वही संगीत फोल्डरातल्या आयट्यून्स फोल्डरात 'डॉट आयटीएल' विस्ताराने असते. म्युझिकबी या प्लेअरची 'डॉट एमबीएल' विस्ताराची असते. फूबार२००० हा प्लेअर आपली वही वापरकर्त्याच्या ॲपडेटा-रोमिंग फोल्डरात ठेवतो. दुसऱ्या आवृत्तीपासून तिथलं फोल्डरही वेगळं आहे, नावाच्या शेवटी 'व्ही२' जोडलेलं. जुन्या विंडोज मीडिया प्लेअरची वही ॲपडेटा-लोकल-मायक्रोसॉफ्ट-मीडिया प्लेअर या फोल्डरात 'डब्ल्यूएमडीबी' विस्ताराने असते.

ॲपडेटा हे लपवलेलं फोल्डर आहे आणि नेमकी इथेच गोची होते. मशीन दुकानात देऊन 'विंडोज टाकून द्या' म्हटलं, तर नौपाड्यात असो की वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वाचवणं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ॲपडेटा वाचवायचं असतं हे गिऱ्हाइकानेच सांगावं लागतं. फॉरमॅट मारण्यापूर्वी वापरकर्त्याचं संपूर्ण फोल्डर, लपवलेल्या फाइलींसकट, दुसऱ्या डिस्कवर घ्यायला सांगा आणि ते उघडून बघा. फॉरमॅट न मारता वरच्या वर विंडोज बदललं असेल तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर असतं. त्यात जुना ॲपडेटा जसाच्या तसा सापडतो. पण हे फोल्डर साधारण १० दिवसांत आपोआप पुसलं जातं, आणि 'डिस्क क्लीनअप'मध्ये आधीचं विंडोज पुसायला निवडलं तर त्याच क्षणी. जागा कमी पडतेय म्हणून पहिल्याच दिवशी साफसफाई करू नका.

प्रत काढायला किती वेळ लागेल याचा अंदाज: २०,००० गाणी, सरासरी १० एमबी, म्हणजे २०० जीबी. यूएसबी ३ ची, आत तबकडी फिरणारी पोर्टेबल डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास लिहिते, म्हणजे कागदावर सुमारे ३५ मिनिटं. फाइली लहान आणि पुष्कळ असल्याने प्रत्यक्षात तास धरा. यूएसबी २ च्या भोकात लावली तर तेच काम दीड तासाच्या पुढे जातं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर पावसाळी संध्याकाळी हे काम काढू नका. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर लिहिताना वीज गेली की फाइलींची यादी बिघडू शकते. विंडोजची एनटीएफएस आणि मॅकची एपीएफएस या पद्धती हा धक्का बऱ्यापैकी सोसतात.

पत्ता कुठे बदलला ते ओळखा

उद्गारचिन्ह असलेल्या एका गाण्याची माहिती उघडून त्याचा पत्ता कागदावर उतरवून घ्या. मग तेच गाणं फाइल एक्सप्लोररमध्ये किंवा फाइंडरमध्ये शोधा आणि दोन पत्ते शेजारी ठेवा. फरक पहिल्या काही अक्षरांत असेल तर ड्राइव्हचा प्रश्न, मधे असेल तर फोल्डरचा, आणि दोन्ही अगदी सारखे दिसत असतील तर पुढचा 'ऱ'चा भाग वाचा. एक ध्यानात ठेवा, आयट्यून्समध्ये उद्गारचिन्ह त्या गाण्याला हात लावल्यावरच उमटतं. चिन्ह नाही म्हणून गाणं सापडलंय असं समजू नका.

विंडोजवर बहुतेक वेळा ई चं एफ झालेलं असतं. अपग्रेडच्या वेळी पेनड्राइव्ह लावलेला होता, त्याने ई बळकावलं, इतकं साधं. उपाय दोन मिनिटांचा आहे:

१. स्टार्टवर उजवी टिचकी, 'डिस्क मॅनेजमेंट'.
२. गाण्यांच्या डिस्कवर उजवी टिचकी, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'चेंज'.
३. वहीत जे जुनं अक्षर आहे तेच द्या. ते दुसऱ्या कुणाकडे असेल तर आधी त्याला दुसरं द्या.

प्लेअर उघडला की सगळी चिन्हं गेलेली असतात. नवा संग्रह उभारत असाल तर सुरुवातीलाच टी किंवा एम असं वर्णमालेतलं मागचं अक्षर द्या, तिथवर पेनड्राइव्ह पोचत नाहीत.

दुसरा संशयित वनड्राइव्ह. विंडोज ११ नव्याने मांडताना 'बॅकअप' चालू राहिला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांच्याबरोबर संगीत फोल्डरही वनड्राइव्हच्या पोटात सरकू शकतं. पत्ता बदलतो, आणि फुकटची जागा ५ जीबी असल्याने २०० जीबीचा संग्रह अर्धवट वर चढून अडकतो. काही गाण्यांपुढे निळ्या ढगाची खूण दिसते. ती गाणी तुमच्या डिस्कवर नाहीत, वाजवायला घेतली की खाली उतरतात, आणि नेट नसेल तर वाजत नाहीत. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या फोल्डरावर उजवी टिचकी मारून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळीकडे हिरवी खूण येईपर्यंत थांबा. त्यानंतरच वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज बॅकअप' उघडून संगीताचा बॅकअप बंद करा. बंद केल्यावर मूळ संगीत फोल्डर रिकामं दिसतं आणि माणूस घाबरतो. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरातच बसलेल्या असतात. तिथून उचलून वहीतल्या जुन्या पत्त्यावर ठेवा.

मॅकवर बाहेरची डिस्क 'व्हॉल्यूम्स' या फोल्डराखाली तिच्या नावाने बसते. डिस्क नसताना एखाद्या प्रोग्रामने तिथे लिहायचा प्रयत्न केला की त्याच नावाचं भुताटकीचं फोल्डर तयार होतं. मग खरी डिस्क लावली की तिला 'गाणी १' असं नाव मिळतं आणि सगळे पत्ते चुकतात. डिस्क रीतसर इजेक्ट करून काढा, फाइंडरच्या 'गो टू फोल्डर' मधून व्हॉल्यूम्स उघडा. डिस्क जोडलेली नसतानाही 'गाणी' दिसलं तर ते भूत. आत चुकून उतरलेली चार-दोन नवी गाणी असतील तर बाजूला काढा, फोल्डर पुसा, डिस्क परत लावा. डिस्क लावलेली असताना मात्र व्हॉल्यूम्समध्ये काहीही पुसू नका.

डिस्क योग्य नावाने बसली आणि तरी गाणी सापडत नसतील, तर परवानगी बघा. कॅटालिनापासून बाहेरच्या डिस्कवरच्या फाइली वाचायला प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी लागते: सिस्टिम सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'फाइल्स अँड फोल्डर्स', त्यात 'रिमूव्हेबल व्हॉल्यूम्स'. गाणं वाजतं पण टॅगमधला, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या नाव-गायक अशा माहितीतला, बदल टिकत नाही, हे लक्षण असेल तर डिस्क एनटीएफएस असणार. मॅक ती वाचतो, स्वतःहून लिहीत नाही. लिहायला जो वेगळा ड्रायव्हर टाकला होता तो नव्या प्रणालीत चालेनासा झालेला असतो.

आयट्यून्सची जुनी वही

आयट्यून्सची आवृत्ती चढते तेव्हा तो जुन्या वहीची तारीख घातलेली प्रत 'प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज' या फोल्डरात ठेवतो. फार थोड्या लोकांना हे माहीत असतं. नवी वही खराब झाली, किंवा 'ही वही नव्या आवृत्तीने केली आहे, वाचता येत नाही' असा संदेश आला, तर आत्ताची वही दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा, त्या फोल्डरातली सर्वांत अलीकडची प्रत उचला आणि तिला मूळ नाव द्या. मधल्या काळातली भर जाईल, बाकी सगळं परत येईल.

मॅकवर ऑप्शन आणि विंडोजवर शिफ्ट दाबून धरत ॲप उघडलं की कोणती वही उघडायची ते विचारलं जातं. अपग्रेडनंतर यादी रिकामी दिसली तर आधी हे करून बघा. ॲपने नवी कोरी वही उघडलेली असते आणि जुनी दोन फोल्डरं पलीकडे पडून असते.

विंडोजवर आणखी एक वळण आहे. फेब्रुवारी २०२४ पासून ॲपल म्युझिक हे वेगळं ॲप मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर आहे. ते टाकलं की आयट्यून्समध्ये फक्त पॉडकास्ट आणि ऑडिओबुक्स उरतात, संगीत नव्या ॲपमध्ये जातं. म्हणजे 'आयट्यून्समधून गाणी उडाली' ही तक्रार पुष्कळदा या बदलाची असते.

ड्राइव्हचं अक्षर परत देणं शक्यच नसेल, समजा जुनी डिस्क मेली आणि गाणी दुसऱ्या ठिकाणी आहेत, तर एका चुकलेल्या गाण्यावर टिचकी मारा, 'लोकेट' निवडा आणि फाइल दाखवा. याच जागेवरून बाकीचीही शोधू का, असं विचारलं तर हो म्हणा. फोल्डरांची रचना तीच असेल तर हजारो गाणी एका झटक्यात जुळतात. वहीची मजकूररूपातली एक्सएमएल यादी घेऊन तिच्यात पत्ते शोधून-बदलून घालण्याचा मार्गही आहे, पण त्या यादीत देवनागरी नावं टक्केचिन्हांच्या साखळीत लिहिलेली असतात, एका अक्षराला तीन तुकडे. म्हणून बदल फक्त पत्त्याच्या सुरुवातीच्या रोमन भागात करा. शिवाय ही यादी मॅकवरचं म्युझिक ॲप आता आपोआप ठेवत नाही. फाइल मेनूतल्या लायब्ररीतून 'एक्सपोर्ट लायब्ररी' केलं असेल तरच ती मिळते.

फक्त काहीच गाणी सापडत नाहीत: 'ऱ' आणि 'ॲ'

हा आजार खास आपला आहे आणि इंग्रजी मार्गदर्शनात त्याचं नावही नसतं. वीस हजारांतली दोन-अडीचशे गाणी सापडत नाहीत, पत्ता तंतोतंत बरोबर, फाइल समोर दिसते. चुकलेल्या गाण्यांची नावं ओळीने वाचा. किनाऱ्यावर, वाऱ्यावर, तऱ्हा, पहाऱ्यात, साऱ्यांना. सगळ्यांत 'ऱ' दिसला की निदान झालं.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत, 'ऱ' दोन रीतींनी लिहिता येतो: एकसंध अक्षर, क्रमांक ०९३१, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. दिसायला एकच. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव साठवताना त्याचे तुकडे करते, म्हणजे दुसरी रीत. विंडोजवर टंकलेलं नाव सहसा पहिल्या रीतीचं. मॅकला दोन्ही एकच वाटतात. विंडोज आणि लिनक्स त्यांना दोन वेगळ्या फाइली मानतात. मॅकच्या डिस्कवरून विंडोजवर किंवा घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कपेटीवर संग्रह गेला की वहीत एक रूप, डिस्कवर दुसरं. कधी एकाच फोल्डरात अगदी एकाच नावाची दोन गाणी शेजारी बसलेली दिसतात, ती याचमुळे. तिसरी रीतही आहे: काही जुन्या कीबोर्ड-मांडण्या 'र', हलन्त आणि न दिसणारा शून्यरुंदी जोडक असा 'ऱ्य' करतात. हे रूप तर कोणत्याच नियमाने पहिल्या दोघांशी जुळत नाही.

'ॲ'चंही तेच. क्रमांक ०९७२ चं एकसंध 'ॲ' आणि 'अ'वर चंद्र दिलेलं 'अॅ' ही यंत्राच्या लेखी दोन अक्षरं आहेत, आणि युनिकोडच्या नियमातही ती समान नाहीत. त्यामुळे कोणतंही आपोआप चालणारं साधन ती जुळवणार नाही. शोधा-बदला करूनच एकरूप करावी लागतात. एकाच गायकाचे दोन कप्पे पडलेत आणि नाव अक्षरशः सारखं आहे, असं दिसलं तर नावातली अशी अक्षरं तपासा.

उपाय असा. टॅग धड असतील तर एमपी३टॅग या प्रोग्रामात 'टॅग टू फाइलनेम' वापरून फाइलींची नावं टॅगवरून नव्याने तयार करा. आधी टॅगमधली सगळी रूपं शोधून एकसंध करून घ्या. लिनक्स हाताशी असेल तर 'कन्व्हएमव्ही' नावाचं साधन 'एनएफसी' पर्यायाने पूर्ण संग्रहाची नावं एकसंध रूपात आणतं. ते आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं, 'नोटेस्ट' दिल्याशिवाय काहीही बदलत नाही, म्हणून ती यादी शांतपणे वाचा. एचएफएस प्लस डिस्कवर हे करून उपयोग नाही, ती पुन्हा तुकडे करील. नावं बदलल्यावर वहीला ती नव्याने दाखवावी लागतात, पण ती अडीचशेच आहेत.

नावांच्या जागी चिन्हं

टोप्या आणि मात्रा लावलेली रोमन अक्षरं, त्यात मधूनमधून चलनाची खूण, असं दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे. युटीएफ-८ या युनिकोडच्या संकेतातलं देवनागरी कुणीतरी लॅटिन समजून वाचतंय. एमपी३टॅगमध्ये टॅगचा कॅरॅक्टर सेट बदलून ते सरळ होतं. 'श्रीलिपी' किंवा 'कृतिदेव'सारख्या जुन्या फॉन्टात लिहिलेली नावं निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतात. ती त्या त्या फॉन्टच्या रूपांतरकातून काढावी लागतात. आणि ओळीने प्रश्नचिन्हं दिसली, तर मजकूर गेला. प्रश्नचिन्ह हे मागे काहीही लपवत नाही.

प्रश्नचिन्हांचा सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे 'एम३यू' प्लेलिस्ट. जुने प्रोग्राम ती विंडोजच्या जुन्या संकेतात लिहितात, ज्यात देवनागरीला जागाच नाही. प्लेलिस्ट नेहमी 'एम३यू८' विस्ताराने जतन करा, त्यात युटीएफ-८ असतं. नासलेली यादी हाती असेल तर एक आशा उरते: विस्तारित एम३यू मध्ये प्रत्येक गाण्यापुढे त्याची लांबी सेकंदांत लिहिलेली असते. ३८७ सेकंदांचं गाणं त्या अल्बमात बहुधा एकच असतं.

टॅग लिहिण्यासाठी आयडी३ या एमपी३ च्या टॅग-पद्धतीची २.३ आवृत्ती युटीएफ-१६ मध्ये ठेवा. २.४ मध्ये युटीएफ-८ चालतं, पण गाडीतले आणि जुने प्लेअर ते वाचताना अडखळतात. पहिल्या आवृत्तीच्या आयडी३ वर तर देवनागरी ठेवूच नका. तिथे नावाला ३० बाइट मिळतात आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ लागतात. 'ज्ञानेश्वरी' डोळ्यांना चार अक्षरं, यंत्राला ११ खुणा, म्हणजे ३३ बाइट. शेवटची वेलांटी कापली जाते आणि ग्रंथाचा ग्रंथकार होतो.

टॅग बदलला तरी प्लेअर जुनंच नाव दाखवत राहिला, तर फाइलमध्ये दुसरा, एपीई जातीचा टॅग दडलेला असेल. आवाज सारखा करणारा एमपी३गेन तो लिहितो. एमपी३टॅगच्या पर्यायांत एपीई काढून टाकता येतो. मात्र आवाजातला बदल मागे घेण्याची एमपी३गेनची नोंदही त्याच्याबरोबर जाते.

जुन्या विंडोज मीडिया प्लेअरमध्ये 'इंटरनेटवरून माहिती आणा' हा पर्याय 'सगळी माहिती बदला' वर असेल तर तो ताबडतोब 'फक्त नसलेली भरा' वर आणा, किंवा सरळ बंद करा. मेहनतीने देवनागरीत भरलेली गीतकार-संगीतकारांची नावं तो एका रात्रीत रोमन करून टाकतो. विंडोज ११ मध्ये हा प्लेअर 'लेगसी' या नावाने पर्यायी सुविधांत मिळतो.

एकाच ध्वनिमुद्रिकेचे दहा तुकडे

भावगीतांचा संच, दहा गायक, आणि नव्या प्लेअरात दहा वेगळे अल्बम. जुना प्लेअर फोल्डर बघून गट करायचा, नवा 'अल्बम आर्टिस्ट' बघतो, आणि ते रकाने रिकामे आहेत. सगळी गाणी निवडून त्या रकान्यात एकच नाव भरा. संच एका संगीतकाराचा असेल तर त्याचं, नाहीतर 'विविध कलाकार'. गायकाचं नाव 'आर्टिस्ट' मध्येच राहू द्या.

दोन-दोन दिसणारी गाणी

तीन वेगळी कारणं, तीन वेगळे उपाय.

जोडीतलं एक ४ केबीचं आणि न वाजणारं असेल, तर ते मॅकने एक्सफॅट डिस्कवर ठेवलेलं सावट आहे. नाव टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होतं. विंडोजवर लपवलेल्या फाइली दिसू द्या, त्या शोधून पुसा.

नावाच्या शेवटी १ लागला असेल, तर 'जोडताना मीडिया फोल्डरात प्रत करा' हा पर्याय चालू ठेवून फोल्डर पुन्हा जोडलं गेलंय. दोन्हींचा आकार सारखा असेल तर १ वालं काढा.

वहीत दोन नोंदी आणि डिस्कवर फाइल एकच असेल, तर उद्गारचिन्हवाली नोंद ठेवावी लागते, कारण तारे आणि मोजणी तिच्याकडे आहे. आधी नवी नोंद यादीतून काढा. काढताना 'कीप फाइल' निवडा, नाहीतर गाणंच कचरापेटीत जाईल. मग जुनीला 'लोकेट' ने फाइल दाखवा.

जोड्या काढणारी तयार साधनं नाव आणि गायक जुळवतात. शास्त्रीय संगीताच्या संग्रहात हे घातक आहे. एकाच गायकाचे चार यमन, चारही 'राग यमन' नावाचे, चार वेगळ्या मैफिलींचे असतात आणि साधन तीन उडवतं. लांबीत २ सेकंदांहून जास्त फरक असेल तर जोडी नाही, असा नियम आधी लावा आणि पुसण्याऐवजी फाइली वेगळ्या फोल्डरात हलवा.

घरातल्या नेटवर्कवरची डिस्क

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर राउटरला लावलेली डिस्क किंवा जुनी नेटवर्क पेटी दिसेनाशी झाली, तर कारण सुरक्षेचे नवे नियम. प्रो आवृत्तीत पासवर्ड नसलेला पाहुणा-प्रवेश बंद आहे आणि प्रत्येक निरोपावर डिजिटल सही मागितली जाते. पेटीवर नाव-पासवर्डाचं खातं काढा, तिचं फर्मवेअर अद्ययावत करा, त्याच खात्याने जोडा. एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा असा सल्ला जागोजागी मिळतो. तो घेऊ नका. राउटरला नवे नियम झेपत नसतील तर डिस्क सरळ संगणकाला लावा.

पेटीवर फाइल नेताना 'नाव फार लांब' अशी अडचण आली तर हिशेब हा: बहुतेक पेट्या आतून लिनक्स असतात आणि नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीच्या ८५ खुणा. फोल्डर कूटबद्ध केलं असेल तर काही पेट्यांवर ती १४३ बाइट, म्हणजे ४७ खुणा. राग, ताल, लय, बंदिशीचा मुखडा, साथीदार, वर्ष हे सगळं फाइलच्या नावात घालायची सवय असलेल्यांना ही मर्यादा लगेच लागते. नावात क्रमांक आणि राग ठेवा, बाकी टॅगमध्ये.

पुढच्या अपग्रेडच्या आधी

गाणी प्रणालीच्या संगीत फोल्डरात ठेवूच नका. डी ड्राइव्हच्या किंवा बाहेरच्या डिस्कच्या मुळाशी आखूड रोमन नावाचं एक फोल्डर करा. वनड्राइव्ह तिथे पोचत नाही, आणि विंडोजच्या २६० अक्षरांच्या पत्त्यालाही जागा उरते.

अपग्रेडच्या आदल्या दिवशी चार गोष्टी डिस्कवर उतरवा: वहीची प्रत, एक्सएमएल निर्यात, सगळ्या प्लेलिस्ट एम३यू८ मध्ये, आणि संग्रहाच्या फोल्डराची एकूण फाइलसंख्या नि बाइट. शेवटचे दोन आकडे अपग्रेडनंतर ताडून बघायचे. फूबारवाल्यांनी ऐकल्याच्या नोंदीही एक्सएमएलमध्ये काढाव्यात. त्याच्या नोंदी पत्त्याला नाही, गायक-अल्बम-शीर्षकाला बांधलेल्या असतात, म्हणून फाइल हलवली तरी टिकतात आणि टॅग सुधारला की तुटतात. ६४ बिटांची आवृत्ती टाकणार असाल तर जुने ३२ बिटांचे जोडघटक तिथे चालणार नाहीत, त्यांची यादी करा. फ्लॅक फाइलींच्या पोटात आवाजाची तपासखूण असते, त्यामुळे प्रत धड उतरली का ते पडताळता येतं. एमपी३ ला ही सोय नाही.

दोन डिस्का ठेवा आणि दोन्ही एका घरात ठेवू नका. एक ठाण्यात, दुसरी नेरूळ किंवा ऐरोलीच्या नातेवाइकांकडे; ट्रान्स-हार्बरच्या गाडीने दर तीन-चार महिन्यांनी अदलाबदल. तळमजल्याच्या घरात डिस्क खालच्या खणात नको, २६ जुलै २००५ आठवा. खाडीकाठच्या दमट हवेत हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून ठेवा, आणि डिस्क डब्यातून काढल्यावर लगेच न लावता खोलीच्या हवेत अर्धा तास राहू द्या.